जाडीचा रकाना

साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी,
फडाच्या पाटाला लागून एक पडीत तुकडा आहे.
गट क्रमांक सांगत नाही, खात्याची सवय.
तिपाईवर यंत्र उभं केलं
तेव्हा मार्गशीर्षातले आठ वाजले होते,
दंवानं बुटांची टोकं भिजलेली,
आणि समोर मारवेल, गुडघाभर,
अर्धं हिरवं, अर्धं कांद्याच्या सालीच्या रंगाचं.

खुंटी ठोकायला वाकलो.
एका पात्यावर पांढरी रेघ.
टोकाकडून निघालेली, केसाएवढी,
खाली येता येता रुंदावत गेलेली,
जणू कुणी पातं न फाडता
आतल्या बाजूनं पुसत आणलं होतं.

उन्हाकडे धरलं.
रेघेच्या शेवटी ती: फिकट पिवळी, चपटी अळी,
तांदळाच्या कणीच्या निम्मी.
वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा,
मधला हिरवा गर खात सरकणारी,
मागे तिचीच विष्ठा, काळी, कणाकणानं,
हद्दीच्या दगडांसारखी.
फक्त हद्द कुणाशी, ते कळत नव्हतं.

एकवीस वर्षं जमीन मोजतोय.
लांबी लिहिली, रुंदी लिहिली,
दोन चुलतभावांमधले नऊ इंच लिहिले
आणि त्या नऊ इंचांसाठी तीनदा जाऊन आलो.
जाडीचा रकाना आमच्या वहीत नाही.
इथे एक जीव पात्याच्या जाडीत राहतो.
तिथंच त्याचं जेवण, तिथंच रस्ता,
पाठ आभाळाला टेकलेली,
पोट जमिनीला.

पलीकडे गोजरबाई गवत कापत होती.
विचारलं, याला काय म्हणता तुम्ही?
तिनं पात्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग यंत्राकडे.
"नाव कसाले? गवतना किडा, गवतमाच राही."
आणि गुडघ्याखाली दाबून पेंढी आवळली.
त्या पेंढीतून किती रेघा गेल्या
तिच्या म्हशीच्या दावणीला,
ती मोजणी कुणी मागितलेली नव्हती.

मी पातं खुडलं.
टिपणवहीत ठेवलं, वही दप्तरात,
दप्तरावर डबा, डब्यावर माझा हात,
एसटी धुळ्याला लागेपर्यंत.
तीन दिवसांनी उघडलं.
रेघ तशीच. शेवटाला तपकिरी ठिपका,
कागदावर उतरलेला, बरोबर
'पूर्वेस पाट' लिहिलं होतं त्यातल्या पाटावर.
दोन पापुद्र्यांत जिनं जन्म काढला
तिला मी दोन पानांत घातलं,
आणि मधलं अंतर सोडायला विसरलो.
मी. ज्याचा पगारच अंतराचा.

साहेबांनी ठिपका बघितला, खाडाखोड समजले,
शेजारी सही कर म्हणाले. केली.

पौषात पुन्हा गेलो, भलत्याच कामाचं निमित्त काढून.
संध्याकाळ. गवत कापून नेलेलं,
बुडखे पायाला टोचत होते.
पाटाच्या कडेला, विळा नीट फिरत नाही तिथे,
तेवढं ओंजळभर मारवेल शिल्लक.
एका पात्यावर, बाहेर, उघड्यावर,
कमरेला रेशमाचा एकच धागा बांधून
एक कोष चिकटलेला. रिकामा.
आयुष्यभर आत राहून
शेवटची झोप तिनं बाहेर घेतली होती,
थंडीत, कशाच्याही मध्ये नाही.

पाटकरी हिलाल आप्पांनी दगड सरकवला.
पाणी आलं, आधी फेस, मग काडीकचरा, मग पाणी.
मारवेल हललं
आणि त्यातून काही उडालं,
तिळाएवढं, राखाडी, पंखांवर एक पांढरा पट्टा,
की दोन होते,
खाली बसलं, परत उडालं, पाट ओलांडून
कुणाच्या तरी गटात गेलं.

मी चवड्यावर बसून होतो, मान वाकडी.
"डोळ्यात काही गेलं का, साहेब?"
आप्पांनी विचारलं.
नाही म्हणालो.
तरी ते दोन पावलं बाजूला झाले,
माझ्यावर पडलेली त्यांची सावली
सोबत घेऊन.